टाफीचा कागद

टाफीच्या अंगाला हात कुणी लावायचा, हा आमच्या घरातला प्रश्न सुटायला एक अख्खा उन्हाळा जावा लागला. टाफी म्हणजे आखूड केसांची फॉक्स टेरियर कुत्री. पांढरी, डोकं आणि डावा कान तांबूस, उंचीला लहान कोकराएवढी. उस्मानपुऱ्यात ज्या बाईंच्या बागेत आमचे वडील, आबा, माळीकाम करायचे त्यांची ती. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या, आणि तिथे तिसऱ्या मजल्यावर कुत्री नेता येणार नव्हती. त्यांनी टाफीची साखळी आबांच्या हातात दिली आणि सोबत एक कागद. इंग्रजी, टाइप केलेला, पाठपोट भरलेला. आखूड केसांच्या टेरियरची घरच्या घरी निगा कशी राखावी, हे त्यात होतं. आबांनी साखळी स्वतःकडे ठेवली आणि कागद मला दिला. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो. मी आठवीत होतो. धाकटी बहीण सगुणा चौथीत, आणि इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं.

पुंडलिकनगरात आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रे, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. सकाळी सगळ्यात आधी कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा, मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग टाफीचं अंग झाडणं. हा तिसरा आवाज नवा होता. ती अंग झाडायची तेव्हा सुईएवढे पांढरे केस उन्हात उडताना दिसायचे आणि नंतर कुठेही सापडायचे. आखूड केस लांब केसांपेक्षा वाईट. लांब केस उचलून टाकता येतो. हा कापडात रुततो, परातीच्या काठाला चिकटतो, येसराच्या आमटीवर तरंगतो. माय पिठातून एकेक केस चिमटीनं काढायची आणि आबांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची.

“मेंढरं सोडून शहरात आलो, म्हणलं आता तरी पिठात लोकर यायची नाय. तर हिला आणून ठिवलं. कुत्री एवढीशी आन् केस म्हशीला पुरतील एवढे.”

“गळतंय ते जुनं हाय,” आबा म्हणायचे. “काढून टाकलं की गळायचं नाय.”

“मग काढा की. का तेबी मीच करू?”

कागदात रबरी ब्रश सांगितला होता. क्रांती चौकातल्या दुकानदारानं त्याऐवजी कपड्यांचा ब्रश दाखवला. तेव्हा मायनं फाटक्या घोंगडीचा एक तुकडा कापला आणि हात आत जाईल एवढी पिशवी शिवली. घोंगडीची लोकर खरबरीत असते. ती केसांवरून फिरवली की मेलेले केस तिला धरून बाहेर येतात आणि जिवंत केस चमकतात. रबरानं जे व्हायचं ते तिनं झालं, बहुधा जास्त चांगलं. आबांनी पहिल्या दिवशी करून दाखवलं. आधी केसांच्या उलट, मग सुलट. सुरुवात मानेपासून, पोट सगळ्यात शेवटी, कारण पोट जनावर शेवटीच देतं. मग ओला फडका, मग कोरडा. पायाच्या बोटांत गोचीड आहे का ते बघायचं. कान कापसानं पुसायचे, पण बोट जाईल तेवढंच आत जायचं. मी शेजारी कागद घेऊन उभा होतो आणि आबा जे करत होते ते कागदाशी ताडून पाहत होतो. दोन ठिकाणी क्रम वेगळा होता. मी तो सांगितला. आबांनी मान हलवली आणि आपल्याच क्रमानं पुढे गेले.

आमचं घराणं मेंढ्यांमागे फिरणारं. आबा शहरात आले तरी त्यांच्या थोड्या मेंढ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे तात्यांच्या, कळपात होत्या. शाळेच्या परीक्षा संपल्या की आबा आठवडाभर मेंढवाड्यावर लोकर कातरायला जायचे आणि ज्याला कातर शिकवायची त्याला सोबत न्यायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्यातल्या एकाला नेणार होते. एकालाच, कारण एका वेळी एकालाच शिकवता येतं असं ते म्हणत. आमच्यात कातर वयावरून मिळत नाही. जनावर ज्याच्या हाताखाली डोळे मिटतं त्याला मिळते. आबांना ती नवव्या वर्षी मिळाली होती. तात्या त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, त्यांना सोळाव्या वर्षी. हे मला माहीत होतं, तरी मी थोरला आणि मुलगा, म्हणून मीच जाणार असं धरून चाललो होतो. आबा म्हणाले, “मेंढरं इथं नायत. टाफी हाय. तिच्यावर बघू.”

माझ्या हाताखाली टाफी उभी राहायची. पळायची नाही, गुरगुरायची नाही. पण तिच्या पाठीचा कणा ताणलेला मला घोंगडीतूनही जाणवायचा आणि डोळे दाराकडे असायचे. मी कागदाप्रमाणे सगळं करायचो. दाब सारखा, दिशा बरोबर, एकही भाग सुटत नसे. मग सगुणा यायची. तिला कागदातलं काही ठाऊक नव्हतं. ती आधी जमिनीवर बसायची, घोंगडीची पिशवी न घालता नुसता हात टाफीच्या मानेवर ठेवायची आणि मायशी किंवा शेजारच्या पोरीशी काहीतरी बोलत राहायची. बोलता बोलता कधी ती पिशवी घालायची ते मला दिसायचं नाही. टाफी आधी बसायची, मग आडवी व्हायची, मग तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली यायच्या. टाफी किती वेळ अंग सैल सोडते, ते मी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवू लागलो. भिंतीवरच्या घड्याळात बघून. सगुणाकडे अकरा मिनिटं, माझ्याकडे दीड. सगुणाकडे चौदा, माझ्याकडे दोन. आकडे बदलतील म्हणून मी टिपत होतो, आणि ते बदलत नव्हते. मी लाडू दिला, गूळ दिला, भाकरीला तूप लावून दिलं. टाफीनं सगळं खाल्लं आणि उठून सगुणाकडे गेली.

“दादा, तू तिला दाबतो,” सगुणा एकदा म्हणाली.

“दाबत नाही. कागदात लिहिलंय तेवढाच दाब देतो.”

“कागदाला काय म्हाईत तिची पाठ कशी हाय ते?”

ती चेष्टा करत नव्हती. ती मला मदत करत होती, आणि ते मला चेष्टेपेक्षा जड गेलं.

हे लिहितो आहे तेव्हाही घरात एक टेरियर आहे. रबरी हातमोजा आता फोनवरून मागवला की दोन दिवसांत येतो. घरी येऊन कुत्र्याला आंघोळ घालून जाणारी गाडीही शहरात फिरते. मी मात्र हे काम स्वतः करतो, आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी. सगुणा महिन्यातून एकदा येते. ती चप्पल काढायच्या आत कुत्रा तिच्या पायाशी उताणा पडलेला असतो. मी तेव्हा चहा ठेवायला आत जातो. तिला चहा नको असतो, हे मला माहीत असतं.

त्या वर्षी पाडव्यानंतर ऊन एकदम चढलं. दुपारी पत्रे तडतडायचे. टाफी कडुनिंबाखाली खड्डा उकरून पोट मातीला टेकवून पडायची आणि तिची जीभ बाहेर असायची. आबा कामावर होते, माय मंडईत. मी ओट्यावर भूमितीचा अभ्यास करत होतो. सगुणा टाफीजवळ बसली होती आणि तिला पाण्याचा हात लावत होती. मग तिनं मला विचारलं.

“दादा, हिला लई गरम होतंय. मेंढरावानी कातरावं का हिला? कागदात काय लिहिलंय उन्हाळ्याचं?”

कागदात उन्हाळ्याचं लिहिलं होतं. मागच्या बाजूला, वरून चौथ्या ओळीत. ह्या जातीचे केस उन्हाळ्यातही कापू नयेत किंवा भादरू नयेत, पांढऱ्या केसांखालची कातडी उन्हानं भाजते. तो मजकूर मला पाठ होता. घरात फक्त मलाच पाठ होता. सगुणाच्या प्रश्नात चुकीचं काही नव्हतं. आमच्या घरात उन्हाळ्याच्या तोंडाला जनावराच्या अंगावरचे केस उतरवतात, हे तिनं जन्मापासून ऐकलं होतं. मेंढी कातरली की हलकी होते, उड्या मारते. तिला वाटलं ते आमच्यापैकी कुणालाही वाटलं असतं. मी कागद उघडला, मागची बाजू वर केली, चौथ्या ओळीकडे पाहिलं आणि म्हणालो, “लिहिलंय. उन्हाळ्यात केस कातरून बारीक ठेवावेत.”

“किती बारीक?”

“जेवढे होतील तेवढे.”

हे दुसरं उत्तर मी दिलं नसतं तरी चाललं असतं. ते दिलं, याचा हिशेब मला आजही लावता येत नाही. ती आबांची कातर घेऊन आली तेव्हा मी पुस्तक बंद केलं आणि बघत बसलो. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात ती मोठी कातर तिरकी दिसत होती. पण टाफी आडवी झाली, डोळे मिटले, आणि सगुणानं मानेपासून शेपटीपर्यंत सरळ रेघा घेत तिला कातरलं. कच्, कच्, एका लयीत. एकही ओरखडा नाही. दीड तास लागला. खाली पांढऱ्या केसांचा ढीग आणि वर गुलाबी, उघडी टाफी. मी त्या कामात दोष शोधत होतो आणि मला तो सापडत नव्हता.

टाफी हलकी झाली, खरोखर मेंढीसारखी अंगणभर धावली, आणि दोन दुपारी नेहमीच्या खड्ड्यात उन्हात पडली. कडुनिंबाची सावली दुपारी सरकते. तिसऱ्या दिवशी तिची पाठ लाल झाली, चौथ्या दिवशी फोड आले. ती पाठ भिंतीला घासायची आणि कळवळायची. आबांनी तिला आत घेतलं, ओल्या धोतराच्या फडक्यावर झोपवलं आणि सगुणाला हाक मारली.

“कुणी सांगितलं हिला कातरायला?”

“दादानं कागद वाचला. कागदात तसं लिहिलंय.”

आबा माझ्याकडे वळले. “आण कागद. वाच पुन्हा.”

मी आणला. मागची बाजू उघडली. माझा आवाज नेहमीसारखा होता, हे मला आठवतं, कारण मी तो तसा ठेवला होता. “उन्हाळ्यात केस कातरून बारीक ठेवावेत,” मी वाचलं. आबांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना मराठीच जेमतेम वाचता यायची. “बाईलाबी काय कळंना मग,” ते म्हणाले. थोडा वेळ ते टाफीच्या पाठीवर फुंकर घालत राहिले. नंतर सगुणाला म्हणाले, “कागद चुकला आसंल. पण हात तुझा व्हता. केसाखाली कातडी गुलाबी दिसली, तवा थांबायचं व्हतं. हातानं सांगायला पायजे व्हतं तुला. यंदा कातर नाय.” सगुणा रडली नाही. ती टाफीकडे बघत म्हणाली, “व्हय, आबा.” माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “पोरीला कशाला बोलता? लिहिणारीला बोला.” मी कागदाची घडी घातली. मेंढवाड्यावर मी जाणार, हे न सांगता ठरलं.

परीक्षा संपली आणि आम्ही एसटीनं निघालो. तात्यांचा कळप एका पडीक रानात बसला होता. बाभळीखाली घोंगड्या अंथरलेल्या, तीन दगडांची चूल, लोकरीचा तेलकट वास. तात्या मला बघून म्हणाले, “आला का वारसदार! हात दाखव. हात हाय का पेन हाय?” सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी एक म्हातारी, शांत मेंढी निवडली, पाय बांधून माझ्यासमोर आडवी केली आणि कातर माझ्या हातात दिली.

मेंढीनं डोळे मिटले नाहीत. तिच्या डोळ्यातली आडवी बाहुली माझ्या हातावर होती. पहिल्या दहा कापांत मी दोनदा कातडी कापली. आबांनी जखमेवर राख दाबली. दुसऱ्या मेंढीनं बांधलेल्या पायांनी मला ढकललं आणि कातर पोटाजवळ घसरली. तिसरी मेंढी आणायच्या आधी आबांनी हात पुढे केला. मी कातर दिली. “तू पाय धर,” ते म्हणाले. उरलेले सहा दिवस मी पाय धरले. दुपारी भाकरी खाताना तात्या माझ्याजवळ येऊन बसले. ठेच्याबरोबर भाकरी मोडत, आबांकडे न बघता, ते म्हणाले, “ह्याला माझ्याआधी मिळाली व्हती कातर. तीन वर्षं मी ह्याच्या मेंढरांचे पाय धरले. एकदा मी त्याची कातर दगडावर घासून बोथट केली व्हती.” मी विचारलं, “मग?” “मग काय? त्यानं बोथट कातरीनं बी माझ्यापेक्षा चांगलं कातरलं.” ते हसले, पण त्यांचे डोळे आबांच्या हातांवर होते. पन्नाशीचा माणूस. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे जात नाही.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ आबा होते. लोकरीचं गाठोडं आमच्या दोघांच्या पायांमध्ये. शहराच्या अलीकडे गाडी एका फाट्यावर थांबली, बरेच जण उतरले, गाडीत शांतता झाली. मी म्हणालो, “आबा, कागदात तसं नव्हतं. कातरू नका असं होतं. मी खोटं वाचलं.”

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी सुटली. मग त्यांनी विचारलं, “सगुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“पोळली टाफी. कातर गेली सगुणाची. माझं काय गेलं?” ते अजून बाहेरच बघत होते. “मग मला कशाला सांगतो?”

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. सगुणा दाराच्या आतल्या सावलीत बसून टाफीच्या पाठीला खोबरेल लावत होती. आठवडाभरात फोड सुकले होते आणि कातडीवर मखमलीसारखे केस आले होते. आबा हातपाय धुवायला गेले. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि जे एसटीत बोललो तेच बोललो, त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द तयार नव्हते. तिचा हात थांबला नाही.

“कुठं हाय ते?” तिनं विचारलं.

“मागच्या बाजूला. वरून चौथी ओळ.”

“आण.”

मी कागद आणला. तिनं तेलकट हात परकराला पुसले, कागद मांडीवर घेतला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. “हीच? ह्यात ‘नका’ कुठंय?” मी तिचं बोट उचलून त्या शब्दावर ठेवलं. तिला तो वाचता येत नव्हता. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती मला काहीतरी बोलेल, मारेल, आबांकडे जाईल, असं मला वाटत होतं. ती उठली, टाफीला उचललं आणि आत चुलीपाशी गेली. आबा पाटावर बसले होते, माय भाकरी थापत होती.

“दादा कागद वाचणार हाय,” सगुणा म्हणाली. “पहिल्यापासून. सगळा.”

“आत्ता?” माय म्हणाली. “आठ दिसांनी आलाय, भाकर तरी खाऊ दे त्याला.”

“आत्ता.”

आबांनी ताट थोडं बाजूला सारलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि वाचायला लागलो. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तिचं मराठी सांगायचं. आखूड केसांच्या टेरियरला आठवड्यातून दोनदा ब्रश करावा.

“हे खरं?” सगुणानं विचारलं.

“खरं.”

महिन्यातून एकदाच आंघोळ घालावी. “हे खरं?” “खरं.” साबण डोळ्यांत जाऊ देऊ नये. “हे खरं?” “खरं.” मायला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. ती हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. पहिली बाजू संपायला बराच वेळ लागला. भाकरीचा पोपडा करपल्याचा वास आला आणि मायनं ती उलटली. मी कागद पालटला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. प्रत्येकीनंतर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मग चौथी. ह्या जातीचे केस उन्हाळ्यातही कापू नयेत किंवा भादरू नयेत. पांढऱ्या केसांखालची कातडी उन्हानं भाजते.

सगुणानं विचारलं नाही. ती टाफीच्या कानामागे हात फिरवत होती. मायचे पिठाचे हात परातीवर तसेच राहिले होते. आबा ताटाकडे बघत होते.

“पुढं वाच,” आबा म्हणाले.

पुढे कान पुसण्याबद्दल तीन ओळी होत्या. मी त्या वाचल्या. प्रत्येकीनंतर सगुणानं विचारलं.